वाबळे बाईंचं 'अहो'

वाबळे बाईंनी 'अहो' म्हटलं की समोरचा माणूस आधी मागं वळून बघायचा. आपल्या मागं कुणी साहेब उभा आहे की काय, असं त्याला वाटायचं. मागं कुणी नसायचं. मग तो गोंधळून पुन्हा बाईंकडं बघायचा आणि बाई म्हणायच्या, "तुम्हालाच म्हणतेय. जरा येता का इकडं?"

आता यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. आमच्या शाळेतही सगळे तेच म्हणाले. एका शब्दानं काय होतंय? हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एका शब्दानं काहीच होत नसेल तर तो उच्चारताना जीभ एवढी जड का होते? आणि बाईंनी तो उच्चारला म्हणून त्यांना श्रीगोंदा तालुक्यातून उचलून पार जामखेडच्या टोकाला का टाकलं? काही होत नव्हतं ना?

आमचं हायस्कूल उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात. संस्था खासगी, तिच्या बऱ्याच शाखा, आणि संस्थेचे अध्यक्ष म्हणजे अण्णा. मी तिथं हिंदी शिकवायचो. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. त्या मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो, परीक्षेत दोन मार्कांना विचारायचो, की विषय संपला. वाबळे बाई विज्ञानाच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, अंबाड्यात कायम लाल पेन खोचलेलं. ते पेन सापडत नाही म्हणून त्या अर्धा तास टेबलाचे खण उचकत बसायच्या आणि त्यांना कुणी सांगायचंही नाही, कारण बाईंच्या रागाला सगळे टरकून असायचे. आवाज असा की वरच्या व्हरांड्यातून त्यांनी हाक मारली की एसटीच्या थांब्यावरचा माणूस दचकावा.

आणि ती हाक ठरलेली असायची. "ए शांत्याऽऽ!"

शांत्या म्हणजे आमचे शिपाई, शांताराम साळवे. बौद्ध वस्तीतले. बाईंपेक्षा वयानं चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे. केस पांढरे झालेले, नात शाळेत शिकतेय, आणि तरी अध्यक्षांपासून कालच लागलेल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना ते 'शांत्या'. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. "अहो, तो आपला घरचाच आहे," म्हणायचे. घरच्या म्हाताऱ्याला 'ए' म्हणून हाक मारून बघा एकदा, मग कळेल घरचा म्हणजे काय ते.

असं चाललं होतं, आणि मग आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं.

प्रशिक्षणं मी नोकरीत पोत्यानं केली. सकाळी पोहे, मध्ये चहा-बिस्कीट, दुपारी जेवण, जेवणानंतर डुलकी, शेवटी सगळ्यांचा फोटो आणि प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी शाळेत आलं की मागच्या पानावरून पुढं चालू. हे प्रशिक्षण संविधानातल्या मूल्यांवर होतं. शिकवायला आलेली मुलगी बारीक चणीची, आमच्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी तिच्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तुमच्यापेक्षा वयानं मोठं असं कोण आहे, ज्यांना तुम्ही अरे-तुरे करता? आणि त्यांनी उलट तुम्हाला अरे म्हटलं तर चालेल का?"

मग आमच्याच शाळेचे जगताप सर उठले. गणिताचे शिक्षक, बोलण्यात पटाईत. 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या विषयावर त्यांनी असं काही भाषण ठोकलं की हॉलनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जेवणाची सुट्टी झाली. पंगतीत एक सत्तरीचे गृहस्थ कमरेत वाकून वाढत होते. जगताप सरांनी पत्रावळीवर बोट आपटलं आणि म्हणाले, "ए, मठ्ठा आण रे इकडं!" तोंडात अजून भाषणाची चव असेल. मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या शेजारी वाबळे बाईंचा घास हातातच थांबलेला मला दिसला.

परत येताना आम्ही वडापच्या जीपमध्ये होतो. बाई एकदम म्हणाल्या, "पवार सर, शांताराम आपल्यापेक्षा किती मोठा?"

"दहा-बारा वर्षांनी असेल."

"असतील," बाई म्हणाल्या. "असेल नाही. असतील." आणि मग स्वतःलाच बजावल्यासारखं म्हणाल्या, "किती मोठे, असं विचारायला हवं होतं मी."

दुसऱ्या दिवशी वरच्या व्हरांड्यातून सवयीची हाक आली, "ए शांत्याऽ" आणि मध्येच तुटली. शाळेला वाटलं बाईंना ठसका लागला. क्षणभरानं तोच आवाज पुन्हा आला. "पुन्हा म्हणते! शांतारामभाऊ, जरा वर येता का?"

ते 'पुन्हा म्हणते' मग बाईंना जे चिकटलं ते चिकटलंच. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते? दिवसातून कितीदा तरी त्यांची जीभ घसरायची. पण घसरली की बाई तिथंच थांबायच्या, वाक्य मोडायच्या आणि "पुन्हा म्हणते" म्हणून पहिल्यापासून नीट बोलायच्या. समोर कोण आहे हे बघायच्या नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी, भंगारवाल्याशी, गटार साफ करायला येणाऱ्या माणसाशी त्यांचं असंच चालायचं. वर्गात तर पोरांना खेळच मिळाला. बाई शिकवता शिकवता कुणाबद्दल एकेरीत बोलून जायच्या, "पुन्हा म्हणते" म्हणायच्या, की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "म्हणा, बाई!" बाई हसायच्या आणि म्हणायच्या.

मी एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण कळलेलं वापरलं नाही तर नासतं, सर. आणि नासलेलं पोटात ठेवून मी पोरांना काय शिकवू?"

शांतारामभाऊंना मात्र हे झेपेना. एका दुपारी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. मीही तिथंच चहा पीत बसलो होतो.

"बाई, माझं काय चुकलं असंल तर सरळ शिव्या घाला," ते म्हणाले. "पन हे आवो-जावो नका करू. लोकं हसत्यात मला. जगताप सर तर म्हंत्यात, शांतारामराव, चहा घेऊन येन्याची कृपा करावी, आन् डोळा मारत्यात. लई लाज वाटती."

"तुमचं काही चुकलं नाही, शांतारामभाऊ. वळण माझ्या तोंडाला लागलं नाही, ते लावतेय."

"माझ्यावरच का लावताय पन?" असं पुटपुटत ते कपबश्या घेऊन गेले. त्यांच्या त्या प्रश्नाकडं आम्ही दोघांनीही तेव्हा लक्ष दिलं नाही.

एकदा बाईंनी ठरवलं की दहावीची पोरं आता मोठी झाली, त्यांनाही 'तुम्ही' म्हणायचं. वर्गात गेल्या आणि मागच्या बाकावरच्या एका पोराला म्हणाल्या, "महेश, तुम्ही उभे राहा आणि सांगा बरं." आपल्याकडं मास्तर पोराला 'तुम्ही' कधी म्हणतात? 'या साहेब, बसा, आज कुठं वाट चुकलात' असं बोलणं आलं की पुढं पाठीत धपाटा ठरलेला. महेशचं तोंड पांढरं पडलं. त्यानं न विचारता सांगून टाकलं की मधल्या सुट्टीत नळाची तोटी त्यानंच मोडली, आणि तो रडायलाच लागला. संध्याकाळी त्याचे वडील शाळेत हजर. "बाई, पोरगं जेवंना. म्हनतंय, बाई मला तुमी म्हनल्या. आसं केलंय तरी काय त्यानं?"

बाई पोट धरून हसल्या. पण रात्रीतून त्यांनी विचार केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सरळ पोरांनाच विचारलं, काय म्हणू? पोरं एकमुखानं म्हणाली, "तूच म्हणा बाई, तुम्ही म्हटल्यावर भ्या वाटतं." तिथं बाईंनी माघार घेतली. तोटी मात्र महेशकडून बसवून घेतली.

घरचं प्रकरण आणखी मजेचं. बाईंचे मिस्टर आप्पासाहेब म्हणजे शेतकरी गडी, भला माणूस. बाईंनी त्यांना सांगितलं, "मी तुम्हाला अहो म्हणायचं आणि तुम्ही मला अगं, हे आता बंद. एक तर दोघं अहो म्हणू, नाहीतर मी पण अरे म्हणते." एक पूर्ण संध्याकाळ त्यांनी नवऱ्याला "अरे आप्पा" म्हणून हाक मारली. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढं हिवाळ्यात मी त्यांच्या शेतावर हुरडा खायला गेलो, तर आप्पासाहेबांचं बोलणं मला जरा विचित्र वाटायला लागलं. "चटणी आली न्हाई अजून." "पाव्हण्यांना पानी द्यायचं ऱ्हायलं." "च्या हुईल का?" तासभर त्यांनी बायकोला ना अगं म्हटलं, ना अहो.

"बघा पवार सर," बाई म्हणाल्या, "व्याकरणातून पळवाट काढलीय यांनी."

"मंग काय करू?" आप्पासाहेब कणसावर जोर काढत म्हणाले. "अगं म्हनायची भीती वाटती, आन् अहो म्हनायची लाज. मानसानं जगावं का न्हाई?"

हे सगळं गमतीचं होतं तोवर शाळेनंही गमतीत घेतलं. बाईंना खूळ लागलंय, चार दिवसांत उतरेल, असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं. चार दिवस गेले, वर्ष गेलं. बाईंचं 'पुन्हा म्हणते' कमी कमी होत गेलं, कारण आता मुळातच जीभ घसरेना. खूळ उतरत नाही म्हटल्यावर लोकांना राग यायला लागला. हे मला आजही कळत नाही. एक बाई स्वतःच्या तोंडाला वळण लावतेय. तुम्हाला काही म्हणत नाही, उपदेश करत नाही. तुमच्या पोटात का दुखावं?

त्याच सुमारास मुख्याध्यापक कदम सरांची निवृत्ती जवळ आली. ज्येष्ठतेनं खुर्ची वाबळे बाईंची होती आणि त्यांना ती हवीही होती. त्यांनी ते कधी लपवलं नाही. प्रयोगशाळेला पाणी आणीन, मुलींसाठी नीट संडास बांधून घेईन, असं काय काय त्या बोलून दाखवायच्या. पण खुर्ची देणं अण्णांच्या मर्जीवर होतं. कदम सरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, एवढे दिवस तोंड सांभाळा. खुर्ची तुमचीच आहे."

आणि आला संविधान दिन. अण्णा प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन वाबळे बाईंकडं. मैदानावर सगळी शाळा रांगेत बसलेली. सगळ्यांनी उभं राहून प्रास्ताविका म्हटली. अण्णांनीही छातीवर हात ठेवून म्हटली. व्यक्तीची प्रतिष्ठा म्हटलं, बंधुता म्हटलं. मग अण्णा भाषणाला उभे राहिले. घसा कोरडा झाला तशी माईकमधूनच त्यांची हाक आली, "ए शांत्या! पाणी कुठंय रे?"

शांतारामभाऊ तांब्या-पेला घेऊन धावत आले. अण्णांना गंमत करायची लहर आली. त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि पोरांना म्हणाले, "हा आमचा शांत्या. याच्या बापानं आमच्या मळ्यात जन्म काढला. मी याला इथं चिकटवला, म्हणून आज पँट घालून फिरतोय गडी!"

पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे हसले. मास्तर हसले, पालक हसले, पाहुणे हसले. आठवीच्या रांगेत शांतारामभाऊंची नात बसली होती. ती मान खाली घालून चपलेचा पट्टा ओढत होती. प्रास्ताविका संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. माझ्या हातात काही असतं तर मी भिरकावलं असतं.

अण्णांना मी इथं 'ते' आणि 'त्यांनी' असं लिहितोय ते केवळ बाईंच्या धाकानं. माझ्यावर सोडलं असतं तर एकेरीच्याही खाली उतरलो असतो.

सूत्रसंचालनाचा दुसरा माईक बाईंच्या हातात होता. त्यांच्या शेजारी बसलेल्या कदम सरांनी हळूच त्यांच्या पदराला हात लावलेला मी पाहिला. बाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाल्या, "अण्णांच्या वतीनं पुन्हा म्हणते..."

आणि सवयीनं अख्ख्या शाळेनं गर्जना केली, "म्हणा, बाईऽऽ!"

"शांतारामभाऊ साळवे, अण्णांना तहान लागली आहे. तुम्ही कृपया त्यांना पाणी देता का?"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. अण्णाही हसले. पुढारी माणूस, हसू तयारच असतं. त्यांनी पाणी प्यायलं, भाषण पुरं केलं, जाताना बाईंना नमस्कारही केला. फक्त कदम सरांच्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसले आणि एवढंच म्हणाले, "बाईंना जरा विश्रांती पाहिजे असं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी अण्णांचा ड्रायव्हर शाळेत आला आणि शांतारामभाऊंना घेऊन गेला. आठवडाभर ते अण्णांच्या बंगल्यावर गाड्या धूत होते आणि इकडं मस्टरवर हजर होते. शाळेचा शिपाई बंगल्यावर कसा, हे विचारायची एकाचीही छाती झाली नाही. प्रतिष्ठेवर भाषणं ठोकणारे सगळे तेव्हा पेपर तपासण्यात गर्क होते.

शांतारामभाऊ परत आले ते सरळ प्रयोगशाळेत. बाई परीक्षानळ्या धूत होत्या. मी दारातच उभा राहिलो.

"बाई, तुमी तुमचं तोंड धुतलं," शांतारामभाऊ म्हणाले, "पन शिंतोडं माझ्या अंगावर उडालं."

बाई वळल्या.

"अण्णाची गंमत म्या तीस वर्सं गिळली. त्या दिशी बी गिळली असती. तुमी मला चारचौघांत पुढं केलं. माझ्या नातीम्होरं. मला इचारलं हुतं का?"

बाईंनी हातातली नळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या. "नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

"मंग त्ये बी शिका."

"शिकते," बाई म्हणाल्या.

शांतारामभाऊ गेले. मला त्यांचा राग आला आणि मी तसं बोललोही. म्हटलं, "तुम्ही त्यांच्यासाठी एवढी जोखीम घेतली आणि हे असं ऐकवायचं?" बाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुढचं गिळलं. "मी त्यांच्यासाठी घेतली नव्हती, सर. मला राहवलं नाही म्हणून घेतली. आणि किंमत त्यांनी भरली. त्यांचं बरोबर आहे." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

खुर्ची अजूनही पूर्ण गेली नव्हती. कदम सरांच्या तोंडून निरोप आला की एकदा बंगल्यावर या, चुकून बोलले म्हणा, झालं. कदम सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी खरंच विनवणी केली. बाई म्हणाल्या, "चुकून तर मी आधी बोलत होते, सर. त्या दिवशी समजून बोलले. आता फक्त शांतारामभाऊंची माफी मागायची होती, ती मागितली."

मग नकाराचा कागद आला, टाईप केलेला. मी स्वखुशीने मुख्याध्यापकपद नाकारते, खाली सहीला जागा. बाईंनी अंबाड्यातून लाल पेन काढलं, 'स्वखुशीने' या शब्दाखाली चूक असल्यासारखी रेघ मारली आणि कागद परत दिला. त्यानंतर बदली. खर्ड्याच्या किल्ल्याच्याही पुढं, संस्थेची आठवी ते दहावीची तीन खोल्यांची शाखा. आणि आमच्याकडं प्रभारी मुख्याध्यापक झाले जगताप सर.

निरोपाच्या कार्यक्रमात स्टाफनं बाईंना काय भेट द्यावी? शाल, नारळ आणि फ्रेम केलेली संविधानाची प्रास्ताविका! निर्लज्जपणाला काही सीमा असते असं मी तोवर समजत होतो. बाईंनी फ्रेम हातात घेतली, वाचली, आणि जगताप सरांच्याच हातात परत ठेवली. "ही इथंच राहू द्या," म्हणाल्या. "तुम्हाला लागेल." जगताप सरांना वाटलं बाईंनी शाळेला भेट दिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती केबिनमध्ये टांगली.

सामान न्यायला आप्पासाहेबांनी टेम्पो आणला होता. गावातली माणसं बघायला जमलेली. आप्पासाहेब गादी बांधत होते, मध्येच थांबले आणि सगळ्यांच्या देखत टेम्पोवरून ओरडले, "अहो! शेगडी घेतली का?" कुणाला हाक मारली ते लोकांना कळेना. बाईंना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, घेतली म्हणून.

बाई तिकडं खोली घेऊन राहिल्या. सुट्टीला घरी येत. तिथल्या मुलींसाठी नीट संडास त्यांनी बांधून घेतला असं ऐकलं. खुर्चीवर बसून बांधायचा होता, तो खुर्चीशिवाय बांधला. मुख्याध्यापक त्या कधीच झाल्या नाहीत. पुढं तिथूनच निवृत्त झाल्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, शांतारामभाऊंच्या सेवापूर्तीच्या दिवशी. शांतारामभाऊंनी स्वतः फोन करून बाईंना बोलावलं होतं. बाई जामखेडला गाडी बदलून, उन्हातान्हाच्या आल्या आणि शेवटच्या रांगेत पोरांमागं बसल्या. जगताप सरांनी माईकवरून 'आदरणीय शांतारामभाऊ' असं कागदावरून वाचलं. अण्णा आले नाहीत, त्यांची शाल आली. मग जुन्या शिक्षकांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि बाईंचं नाव पुकारलं. बाई उठल्या, पण माईककडं गेल्या नाहीत. सरळ शांतारामभाऊंच्या खुर्चीपाशी गेल्या आणि वाकून विचारलं, "बोलू का?"

शांतारामभाऊंनी जरा विचार केला. "नगं," म्हणाले.

बाई परत जागेवर येऊन बसल्या. ज्यांच्या तोंडून कधी काळी वरच्या व्हरांड्यातून हाका घुमायच्या, त्या बाई. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

कार्यक्रम संपला. माईक बंद झाला. आणि जगताप सरांनी, त्याच तोंडानं, तिथंच उभं राहून हाक दिली, "शांत्या, त्या खुर्च्या आत घे रे पटापट, आभाळ आलंय!" ज्यांचा सत्कार झाला होता ते शांतारामभाऊ खांद्यावरची शाल कमरेला बांधून खुर्च्या उचलायला लागले. बाई त्यांच्याजवळ गेल्या. "दोघं मिळून उचलू?" त्यांनी विचारलं. "उचला," ते म्हणाले. दोघांनी खुर्च्या आत नेल्या. मीही हात लावला.

शेवटची खुर्ची ठेवून शांतारामभाऊ गेटपाशी आले. त्यांनी सगळ्या स्टाफला घरी जेवायला बोलावलं होतं. वस्तीवर मांडव घातला होता. आता एकेकाला कामं आठवायला लागली. कुणाचा गुरुवार निघाला, कुणाच्या घरी पाहुणे येणार होते. जगताप सरांना केडगावला लग्नाला जायचं होतं. संध्याकाळी कुणाचं लग्न होतं देव जाणे. शांतारामभाऊ प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नवं काही नव्हतं. मग ते बाईंकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना 'बाई' आणि 'तुमी' याशिवाय हाक मारली नव्हती.

"सुनंदा," ते म्हणाले, "तू तरी येशील ना गं?"

मोठी बहीणभावंडं जशी हाक मारतात तशी ती हाक होती. तिच्यात चिडणं नव्हतं, फुशारकी नव्हती. शांतारामभाऊंचे हात मात्र शालीच्या गाठीशी चाळा करत होते.

"येते की, दादा," बाई म्हणाल्या.

"बघितलंत?" माझ्या कानाशी जगताप सर कुजबुजले. "डोक्यावर बसवलं की हे असं होतं. सरळ एकेरीवर आला." आणि भोवतीच्या चार-पाच माना हलल्या. वर्षानुवर्षं पांढऱ्या केसांच्या माणसाला 'शांत्या' म्हणताना ज्यांच्या कानाला काही लागलं नव्हतं, त्यांचे कान त्या एका 'तू'नं पोळले होते! आयुष्यात पहिल्यांदा मी सहकाऱ्याची गचांडी धरायला पुढं झालो.

बाईंनी ते सगळं ऐकलं असणार. पण त्या वळल्या नाहीत.

"चल," शांतारामभाऊ त्यांना म्हणाले, "भात गार हुईल." बाईंनी पिशवी उचलली आणि त्या त्यांच्याबरोबर वस्तीच्या रस्त्याला लागल्या.